दोनशे एक्केचाळिसावी खुर्ची

१

नारायण पेठेतल्या सायंस्वर मंडळाचं सभासद होण्याचा एकच रूढ मार्ग होता. आधीच्या एखाद्या सभासदानं जगाचा निरोप घ्यायचा. घटनेत राजीनाम्याचीही सोय होती, पण ती कोणी वापरल्याचं ऐकिवात नव्हतं. सभागृहात खुर्च्या दोनशे चाळीस, म्हणून सभासद दोनशे चाळीस. बाकीच्या पुण्यानं प्रतीक्षायादीत नाव घालावं आणि तब्येत सांभाळावी.

अशा मंडळात एका सभासदाचं नाव जिवंतपणी नाहीसं झालं, तेव्हा कार्यकारिणीला आधी प्रश्न पडला की घटनेतलं कुठलं कलम लागू होतं. कुठलंच होत नव्हतं. मग नाइलाजानं चौकशी सुरू झाली.

नाहीसे झालेले गृहस्थ म्हणजे बालेवाडीचे आप्पासाहेब तापकीर. जमीन भरपूर, गाण्याचा नाद त्याहून भरपूर. प्रतीक्षायादीत त्यांनी नाव घातलं तेव्हा त्यांची मुलगी शाळेत जात होती. कार्ड हातात आलं तेव्हा तिची मुलगी शाळेत जात होती.

ब्याण्णव सालच्या हिवाळ्यात ते कार्ड खिशात घालून आप्पासाहेब पहिल्या कार्यक्रमाला निघाले. जीप वाटेत रुसली, त्यामुळे पोचेपर्यंत सगळे आत बसले होते. दाराशी हेमा खांबेटे मंडळाच्या नव्या कोऱ्या कॉम्प्युटरसमोर बसलेली. येणाऱ्याचं नाव ती त्यात घालायची आणि पडद्यावर उत्तर उमटायचं. कार्डं नातेवाइकांना उसनी दिली जातात असा मंडळाला संशय होता, म्हणून मंडळाचा कार्डावर विश्वास नव्हता. मशीनवर होता.

हेमानं नाव घातलं. उत्तर आलं, 'सभासद नाही'.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिटणीस दिगंबरपंत आगाशे यांनी सभासदांची यादी छापून पाहिली. शेवटचं नाव स्वच्छ होतं, आप्पासाहेब तापकीर. पंतांनी बालेवाडीला फोन करून दिलगिरी व्यक्त केली आणि मग हेमाला झापलं.

पुढच्या कार्यक्रमाला आप्पासाहेब सर्वांच्या आधी येऊन उभे राहिले. हेमानं एकेक अक्षर तपासून नाव घातलं. पुन्हा तेच उत्तर. रांगेसमोर आप्पासाहेब दुसऱ्यांदा पायऱ्या उतरले.

दुसऱ्या दिवशी पंतांनी पुन्हा यादी छापली. आता मात्र आप्पासाहेबांचं नाव नव्हतं. त्यांच्या जागी दुसरंच नाव होतं, गोपाळकृष्ण लिमये. हे प्रतीक्षायादीत आप्पासाहेबांच्या लगेच खाली होते.

आणि ते हेमाचे सख्खे मामा होते.

२

बुधवार पेठेत रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानावर, माडीवर, उल्का मेहेंदळे सी शिकवायची. सी ही कॉम्प्युटरला कामाला लावायची भाषा. पुण्यातली निम्मी मुलं तेव्हा ती अमेरिकेला जाण्यासाठी शिकत होती. उरलेली, निम्मी शिकतात म्हणून. उल्काला स्वतःला मात्र कुतूहलाची सवय जडलेली होती. दुकानदारानं पुड्याला दोरा दोनदा का गुंडाळला हे विचारल्याशिवाय ती पैसे काढत नसे. या स्वभावामुळे तिला दुकानदार फारसे उरले नव्हते.

"उल्काताई, तुमचं नाव आमच्या आगाशेकाकांकडून कळलं," हेमा म्हणाली.

"काय म्हणाले?"

"त्या बाईंकडे चुकूनसुद्धा जाऊ नका म्हणाले. त्या शून्यापासून मोजतात म्हणे."

उल्काला पंत आठवले. हिशेबखात्यातून निवृत्त झाल्यावर ते तिच्या वर्गात येऊन बसले होते, पोरांमध्ये, पहिल्या बाकावर. अ‍ॅरेपर्यंत टिकले. अ‍ॅरे म्हणजे एकसारख्या खुर्च्यांची रांग, हे त्यांना पटलं. पण पहिल्या खुर्चीचा क्रमांक शून्य, हे म्हणताच ते उभे राहिले. "बाई, माझ्या घरी मी शून्यावा मुलगा नव्हतो," असं म्हणून त्यांनी वही मिटली ती मिटलीच.

"रविवारी सकाळी कार्यकारिणी आहे," हेमा म्हणाली. "तोपर्यंत खुलासा झाला नाही तर मला काढणार. नोकरीचं एक वेळ बघता येईल हो. पण मामासाठी लोकांची नावं पुसणारी, असं एकदा चिकटलं की मी पेठेत कुठल्या दुकानात उभी राहू?"

"पुसलंस का?"

"नाही."

"मामांचं नाव यादीत घातलंस?"

"मला घालताच येत नाही! नाव घालायचा परवलीचा शब्द फक्त काकांकडे. मला नाव शोधता येतं, बस. संध्याकाळी ते खोली उघडतात, मी मशीन चालवते, कार्यक्रम संपला की प्रोग्रॅम बंद करते, ते कुलूप लावतात. किल्ली त्यांच्या जानव्याला असते."

"बंद करताना यादी फ्लॉपीवर जाते?"

"आपोआप. जशी असेल तशी."

"प्रोग्रॅम कोणी लिहिला?"

"श्रीधरनं. काकांच्या शेजारचा. लिहिला आणि महिन्याभरात बॉस्टनला गेला."

जी शोधू शकते पण लिहू शकत नाही, तिच्या हातून नाव लिहिलं गेलंय. उल्काला ही गोष्ट इतकी आवडली की तिनं चहा मागवला.

"एक सांग. गेल्या कार्यक्रमाला तू मामांचं नाव शोधलं होतंस का?"

हेमाचा चेहरा उतरला. तिनं कप खाली ठेवला.

"ते मला सांगता येणार नाही," ती म्हणाली.

३

आप्पासाहेब स्वतःच माडी चढून आले. पांढरा शर्ट, पांढरी टोपी. बोलण्यात राग होता, पण आवाज खाली.

"बाई, मी भांडायला न्हाई आलो. मला फकस्त येक सांगा. पेठेतल्या लोकांना आमी गावचे तिथं नको आसू, तर त्यांनी तोंडानं सांगावं. मशीनच्या तोंडून कशापायी?"

"तुम्हाला तसं वाटतं?"

"दोनदा दारातनं परत फिरलो म्हनल्यावर काय वाटंल? पाव्हन्यांनी इचारलं, कसं झालं गानं? म्हनलं, लई चांगलं. आता माझ्या वयाला गान्यावरनं खोटं बोलायचं म्हंजे..." ते खिडकीबाहेर बघू लागले.

"हेमाबद्दल काय वाटतं?"

"त्या पोरीचा दोष न्हाई. माझ्यापेक्षा तिचाच जीव जास्त खालीवर होत व्हता."

"पहिल्या दिवशी तुमच्यानंतर कोणी आलं?"

"कोन न्हाई. मी शेवटचा. माझ्या म्होरंच दार लावलं."

"आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही पहिले."

"व्हय. माझ्यामागं सगळी पेठ."

उल्कानं फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. पहिल्या दिवशी आप्पासाहेब शेवटचे, आणि सकाळी यादीत आप्पासाहेब. दुसऱ्या दिवशी आप्पासाहेब पहिले, आणि सकाळी यादीत गोपाळकृष्ण. ती त्या ओळींकडे बघत राहिली. आप्पासाहेबांनीही बघितलं.

"ह्यात काय दिसतं तुमाला?"

"अजून काही नाही. पण काहीतरी माझ्याकडे बघतंय."

"मग बसा तुमी त्याच्याकडं बघत," म्हणून आप्पासाहेब जिना उतरले. जाताना खालच्या दुकानदाराला त्यांनी विचारलं की या बाईंचं सगळं ठीक आहे ना.

गोपाळकृष्ण लिमये उल्काला मंडईत सापडले. ते सुरणाचा एक गड्डा हातात धरून त्यात दोष शोधत होते.

"मी त्या दिवशी मंडळाकडे फिरकलोसुद्धा नाही," विचारण्याआधीच ते म्हणाले. "सभासद नाही, काही नाही, कशाला जाईन?"

"बरोबर. शिवाय त्या दिवशी गाणंही काही खास झालं नाही म्हणतात."

गोपाळकृष्णांनी सुरण खाली ठेवला.

"कोण म्हणतं? अहो, मध्यंतरानंतरचा केदार तुम्ही ऐकायला हवा होता. मध्यमावर असा काही थांबला तो, की..."

ते थांबले. मध्यमावर नव्हे.

"जिन्यातून चांगलं ऐकू येतं का?" उल्कानं विचारलं.

४

गोपाळकृष्णांची गोष्ट लाजिरवाणी होती, पण गुन्ह्याची नव्हती. दर कार्यक्रमाला मध्यंतर संपून दार लागलं की ते जिन्याच्या वळणावर येऊन उभे राहत आणि भाचीला हळूच विचारत, "कोणी गेलं का गं?"

"म्हणजे वारलं का?"

"त्याला वारलं कशाला म्हणायचं? जागा झाली का, एवढंच. हेमा नाही म्हणते. पण मी म्हणतो, मशीनला विचार. मग ती माझं नाव शोधून बघते. मशीन म्हणतं, सभासद नाही. मग मी उभ्यानं गाणं ऐकतो आणि घरी जातो. एकच खाडा झाला, तापकीर पहिल्यांदा आले त्या दिवशी. ताप होता मला." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "बाई, हे बाहेर सांगू नका. लोक म्हणतील, लिमये दुसऱ्यांच्या मरणावर टपून असतो."

"त्या दिवशी तुमच्यानंतर हेमानं आणखी कोणाचं नाव शोधलं?"

"कोणाचं शोधणार? मी उभा असेपर्यंत दार उघडलंच नाही."

म्हणजे तेही शेवटचे. उल्कानं तो सुरण स्वतःच विकत घेतला आणि तडक नारायण पेठ गाठली.

दिगंबरपंतांनी तिला दारातच विचारलं, "शून्यापासून मोजणं सोडलंत का?"

"नाही. श्रीधरनं लिहिलेल्या प्रोग्रॅमची छापील प्रत आहे का तुमच्याकडे?"

"आहे, आणि मी ती वाचली आहे. तुमच्या वर्गात जेवढं झालं तेवढ्यावर वाचली. पुढचं सोडून दिलं."

त्यांनी प्रत आणली. समासात शिसपेन्सिलीनं त्यांच्या खुणा होत्या. एका ओळीला त्यांनी दुहेरी अधोरेखित केलं होतं. श्रीधरनं सभासदांसाठी जी रांग आखली होती, तिच्यात खुर्च्या दोनशे एक्केचाळीस होत्या.

"एक जागा!" पंत म्हणाले. "बाहेर माणसं जन्मभर ताटकळतात आणि आत एक जागा रिकामी धूळ खात पडली होती. घटनेत आकडा दोनशे चाळीस लिहिला तो आमच्याच कोणाच्या हातून चुकला असणार. कॉम्प्युटर तर मोजण्यात चुकत नाही. प्रतीक्षायादीत सर्वांत वरचं नाव तापकीरांचं होतं. मी स्वतः प्रोग्रॅम दुरुस्त केला, नाव घातलं, कार्ड लिहिलं. सभागृहात माझ्या घरची घडीची खुर्ची नेऊन ठेवली."

"कार्यकारिणीला सांगितलंत?"

"कोणी विचारलं नाही."

"दुरुस्त म्हणजे काय काय केलंत?"

"नाव घालण्याच्या फंक्शनमध्ये चाळीसचे एक्केचाळीस केले. यादी छापण्याच्या फंक्शनमध्ये चाळीसचे एक्केचाळीस केले."

"आणि शोधायच्या?"

"त्याला हात लावला नाही. ते नीट चाललं होतं, आणि माझ्या शिक्षणात शोध आला नव्हता. तो धडा पुढच्या आठवड्यात होता, तुमच्या शून्यानंतर."

उल्कानं पान उलटलं. शोधाचं फंक्शन जेमतेम चार ओळींचं होतं. तिनं पहिली ओळ वाचली आणि ती पंतांच्या ओटीवर मटकन बसली.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही आप्पासाहेबांना पहारेकऱ्याच्या खुर्चीवर बसवलंत."

५

रविवारी कार्यकारिणी जमली. अध्यक्ष सुहासिनीबाई भावे मधोमध, पंत उजवीकडे. हेमा भिंतीला टेकून उभी, कारण तिला बसा म्हणायचं की नाही यावर एकमत झालं नव्हतं. आप्पासाहेबांना मात्र आग्रहानं बसवलं होतं.

"हेमाताई, मशीन सुरू करा," उल्का म्हणाली. "आणि नाव शोधा. तानसेन."

"हा पोरकटपणा आहे," सुहासिनीबाई म्हणाल्या.

हेमानं नाव घातलं. पडद्यावर आलं, 'सभासद नाही'.

"मंडळाची शिस्त कायम आहे," उल्का म्हणाली. "काका, आता यादी छापा. हेमानं नाव यादीत घातलेलं नाही, फक्त विचारलंय, हे सगळ्यांनी पाहिलं."

प्रिंटर करकरत राहिला. पंतांनी कागद फाडला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि चष्मा काढून पुसला. सुहासिनीबाईंनी कागद ओढून घेतला. दोनशे एक्केचाळिसावं नाव तानसेन होतं.

"प्रतीक्षायादीत न थांबता," कोणीतरी मागून म्हणालं.

उल्का उभी राहिली. "रांगेत एखादा माणूस आहे का, हे कसं बघाल? पहिल्या खुर्चीपासून सुरुवात. प्रत्येक खुर्चीपाशी दोन प्रश्न. हा तोच का? आणि रांग संपली का? तोच असेल तर थांबायचं, रांग संपली तरी थांबायचं. हा सरळ शोध. श्रीधर नारायण पेठेतला. दर खुर्चीला दोन प्रश्न विचारणं त्याच्या जिवावर आलं. मशीन मंद आणि दाराशी रांग. म्हणून त्यानं रांगेच्या शेवटी एक जादा खुर्ची टाकली, आणि ज्याला शोधायचं त्याचंच नाव आधी त्या खुर्चीवर लिहून ठेवायचं ठरवलं."

"ज्याला शोधायचं त्यालाच बसवायचं?" सुहासिनीबाईंनी विचारलं. आता त्या थोड्या पुढे झुकल्या होत्या.

"हो. मग तो कुठेतरी सापडणारच, त्यामुळे रांग संपली का हे विचारायचं कारणच उरत नाही. एकच प्रश्न विचारत जायचं. सापडला की बघायचं, कुठे सापडला. खऱ्या खुर्चीवर सापडला तर सभासद. शेवटच्या जादा खुर्चीवर सापडला तर तो आपणच बसवलेला, म्हणजे सभासद नाही. या युक्तीत त्या खुर्चीला पहारेकरी म्हणतात. शोधाला रांगेबाहेर पडू देत नाही, एवढंच तिचं काम. ती कधी कोणाची नसते."

"आन मी तिच्यावर बसलो," आप्पासाहेब म्हणाले.

"तुम्हाला बसवलं. पहिल्या दिवशी पहिला सभासद आला, त्याचं नाव शोधलं, त्याच क्षणी तुमचं नाव पुसलं गेलं. शेवटी तुम्ही आलात. तुमचं नाव जादा खुर्चीवर लिहिलं गेलं, तिथेच सापडलं, म्हणून उत्तर आलं, 'सभासद नाही'. पण प्रोग्रॅम बंद होताना त्या खुर्चीवर शेवटचं नाव तुमचंच राहिलं, म्हणून सकाळी यादीत तुम्ही हजर. दुसऱ्या दिवशी शेवटचं नाव..."

ती थांबली. हेमा जमिनीकडे बघत होती. दाराबाहेरून खाकरण्याचा आवाज आला आणि गोपाळकृष्ण लिमये आत आले.

"शेवटचं नाव माझं," ते म्हणाले. "मी हेमाला माझं नाव विचारायला लावलं. मी दर वेळी येऊन विचारतो, कोणी गेलं का म्हणून. झालं समाधान? आता माझ्या भाचीला बसायला सांगा."

कार्यकारिणीतल्या बहुतेकांनी सभासद होण्याआधी हाच प्रश्न कोणाला ना कोणाला विचारलेला होता.

सुहासिनीबाईंनी स्वतः उठून हेमाला खुर्ची दिली. आरोप मागे घेतल्याचं टिपण झालं. मंडळाच्या इतिहासात माफी हा शब्द प्रथमच टिपणात आला आणि तो कसा लिहावा यावर थोडी चर्चा झाली.

मग आप्पासाहेबांनी हळूच विचारलं, "म्हंजे माझी जागाच न्हाई म्हना की."

हा प्रश्न सगळ्यांना दिसत होता, फक्त तो कोणाला उचलायचा नव्हता. सभासद दोनशे चाळीस, ते सगळे हयात. कार्ड खरं, सही खरी, पण खुर्ची मात्र शोधाची होती.

"घटनेप्रमाणे," सुहासिनीबाई कष्टानं म्हणाल्या, "नाही."

आप्पासाहेबांनी खिशातून कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. "हरकत न्हाई. पेठेनं हाकललं न्हाई, येवढं कळलं. बालेवाडीला झोप लागंल आता."

ते दाराशी पोचले, तेवढ्यात पंतांनी हाक मारली, "तापकीर, थांबा जरा. घटनेत आणखी एक कलम आहे."

६

राजीनामा कसा लिहावा याचा मंडळात नमुना नव्हता. पंतांनी तो तिथेच तयार केला आणि पुढच्यांना उपयोगी पडेल म्हणून एक प्रत दप्तरी लावली. मंडळाच्या स्थापनेपासून त्यांची जागा तिसऱ्या रांगेत कडेला होती. "चूक माझी, जागा माझी, यात चर्चेला काही नाही," एवढंच ते म्हणाले. चिटणीसपद सभासदालाच असतं, हे सुहासिनीबाईंनी निदर्शनास आणलं. "ते कलम मीच लिहिलंय," पंत म्हणाले आणि जानव्याची किल्ली सोडून टेबलावर ठेवली.

आप्पासाहेब नको नको म्हणत राहिले. पंतांनी त्यांना विचारलं, "गाणं ऐकायचंय की वाद घालायचाय?" आप्पासाहेबांनी कार्ड परत उचललं.

प्रतीक्षायादीत पंतांचं नाव सगळ्यात खाली गेलं. वयाच्या मानानं ते आशावादी पाऊल होतं.

उल्कानं छपाई आणि भरती दोन्ही पुन्हा चाळिसावर आणली. जादा खुर्ची मोकळी केली. शोधाच्या फंक्शनला तिनंही हात लावला नाही. ते पहिल्यापासून बरोबर होतं.

पुढच्या कार्यक्रमाला आप्पासाहेब आले. हेमानं नाव घातलं. 'सभासद आहे'. आप्पासाहेबांनी तो पडदा दोनदा वाचला, हेमाला नमस्कार केला आणि ते तिसऱ्या रांगेत कडेला जाऊन बसले.

सगळे आत गेल्यावर दिगंबरपंत जिना चढून आले.

"माझं नाव घाला."

"काका, कशाला उगीच..."

"घाला. तपासणी आहे."

हेमानं घातलं. 'सभासद नाही'.

"छान," पंत म्हणाले. "उत्तम चालतंय." आणि ते वरच्या पायरीवर बसले, धोतराचा सोगा गुडघ्यावर घेऊन.

आत तंबोरे जुळायला लागले. हेमा उठली. दार लावायचं ते तिनं वीतभर उघडं ठेवलं आणि जागेवर येऊन बसली. फटीतून पहिला षड्ज बाहेर आला. पंतांनी डोळे मिटले. एक आवर्तनभर ते तसेच राहिले.

मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले. कार्यक्रम सुरू झाल्यावर दार पूर्ण बंद असावं, हा नियम त्यांचा होता. त्यांनी ते आवाज न करता ओढून घेतलं, कडी नीट बसली का ते पाहिलं आणि पुन्हा पायरीवर येऊन बसले.